रंगाआबांचं आंबट वर्ष

पावसाला शिव्या देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कोकणात वाढले, तिथे आषाढात माणसाला दुसरं काम नसतं. पण पावसाशी अबोला धरणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. एका वर्षी ऐन पौषात अवेळी सर येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात हा माणूस छत्री उघडून द्राक्षबागेत फिरताना दिसला. मी विचारलं, "आबा, छत्री कशाला? ऊन तर कोवळं आहे."

"उनासाठी न्हाई," ते म्हणाले. "त्येनं माझं तोंड बघू नये म्हनून."

'त्येनं' म्हणजे आभाळानं. पुढचे चार दिवस आबा छत्रीखालीच वावरले. जेवायला घरात येताना छत्री दाराशी मिटायचे आणि हात धुवायला बाहेर पडताना पुन्हा उघडायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, चंद्राकाकींनी, "पुरं करा आता, त्येला कळलं," असं सांगितलं तेव्हा कुठे तो तंटा मिटला.

चिंचवडगावाच्या कडेला, पवनेच्या काठावर रंगाआबांची ही बाग होती. आमच्या ह्यांना पिंपरीला नव्यानं निघालेल्या औषधाच्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा गुहागरहून बिऱ्हाड घेऊन आम्ही आबांच्या घराच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मधली भिंत मातीची आणि आबांचा आवाज बैल हाकणाऱ्याचा, त्यामुळे त्यांच्या घरातलं एकही भांडण माझ्या नजरेआड, म्हणजे कानाआड गेलं नाही. ह्यांना आबा 'कंपनीराव' म्हणत आणि मला 'कोकणीनबाई'. आमची खरी नावं त्यांनी शेवटपर्यंत विचारली नाहीत.

माणूस उंच, हाडकुळा, आणि जन्मभर वेलींच्या मांडवाखाली वावरल्यामुळे मान कायम थोडी वाकलेली. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा ते काहीतरी डोक्याला लागेल अशा बेतानं चालत. डोक्यावर केस औषधालाही नव्हता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता, कारण हवा ते डोक्यानं बघत. रोज पहाटे पटका काढून, बांधावर उभं राहून, ते स्वतःभोवती सावकाश एक फेरी घेत. वारा कुठून येतो, ओल किती आहे, थंडी पडणार की ढग येणार, हे सगळं त्यांना टाळूवर कळे. निदान कळतं असं ते म्हणत. काकी ओसरीवरून विचारत, "तापला का तवा?"

"आज ढग न्हाई," आबा पटका बांधत सांगत.

दुपारपर्यंत बहुतेक वेळा ढग येत. मग आबांचं म्हणणं असे की, मी सांगितलं ते बरोबरच होतं, आभाळ चुकलं. आबांचा अंदाज चुकला असं आमच्या ऐकण्यात कधी आलं नाही. चुकत असे तो पाऊस, थंडी, वारा, आणि एकदा तर आख्खा माघ महिना.

ढगांना त्यांनी सासरच्या माणसांची नावं दिली होती. काकी चाकणजवळच्या निघोज्याच्या. तिथल्या घरात कांदा पिके, गाड्या भरभरून चाकणच्या बाजाराला जाई आणि कांद्याच्या जिवावर सगळं घर गुबगुबीत झालेलं. त्यामुळे नुसता येऊन बसणारा, पडत नाही आणि हलतही नाही असा पांढुरका ढग आला की आबा म्हणत, "आला सदाशिव. बसंल, च्या पिईल, आन् जाताना भुरी देऊन जाईल." सदाशिव म्हणजे काकींचा सख्खा भाऊ. भुरी म्हणजे ढगाळ हवेत द्राक्षाच्या घडावर राख उधळल्यासारखा येणारा रोग. गारांना ते 'सासरा' म्हणत. हे सगळं काकींच्या समोर चाले आणि काकी भाकरी थापता थापता सांगत, "माझा बाप आला की निदान आवाज तरी व्हायचा. तुमचा बाप आला कवा आन् गेला कवा, कुनाला कळलं न्हाई." आबांचे वडील दुष्काळात मुंबईला गेले ते गेलेच होते, असं मला नंतर समजलं.

आता बागेविषयी. भोकरी जातीची द्राक्षं, आणि वेल चढवलेले पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर. द्राक्षाचं वर्ष माणसांच्या वर्षासारखं पाडव्याला सुरू होत नाही. पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमाराला वेली छाटायच्या. छाटणीनंतर नवे फुटवे, त्यावर फुलोरा, मग हिरवे मणी. मार्गशीर्ष-पौषात कोरडी थंडी पडली तर मणी सावकाश भरतात. पुढे माघ-फाल्गुनात ऊन तापलं की गोडी उतरते, आणि शिमग्याच्या मागेपुढे घड काढायचे. छाटणी लवकर केली तर परतीचा पाऊस फुलोऱ्याला गाठतो, उशीर केला तर गारा घडांना गाठतात. मधे जो काही थोडा अवकाश उरतो त्यात छाटणी बसवायची. आबा म्हणत, "चालत्या गाडीत चढन्यासारखं हाय. आधी गेलास तरी पडतूस, मागनं गेलास तरी पडतूस."

त्यातले चांगले घड बाजारात जात. उरलेल्यांचं आबा द्राक्षासव करत. चिंचवडगावातल्या एका वैद्यबुवांना ते लागे. त्या दिवसांत दारूबंदी कडक होती, पण आसव हे औषध, आणि औषध करायचा परवाना वैद्यबुवांकडे होता. परवाना त्यांचा आणि रांजण आबांचा अशी वाटणी होती. घड हातानं चुरडायचे, रसात गूळ, आंबवण्यासाठी धायटीची फुलं, मिरं, दालचिनी घालायची, आतून तूप चोपडलेल्या रांजणात भरायचं, तोंडाला फडकं बांधून वर माती लिंपायची आणि कोपऱ्यात भाताच्या तुसात रांजण पुरून ठेवायचा. मग आबा रोज त्याला कान लावून बसत. आत बुडबुडे सुरू झाले की घरात येऊन सांगत, "बोलाया लागलं." महिना-दीड महिन्यानं रांजण गप्प झाला की उघडायचा.

हल्ली म्हणे द्राक्षाच्या दारूच्या बाटलीवर साल छापतात आणि जाणकार लोक एक घोट घेऊन त्या सालातली हवा सांगतात. मला त्याचं काही विशेष वाटत नाही. चंद्राकाकी हे काम पितळी वाटीतून करायच्या आणि नंतर ती वाटीही स्वतःच घासायच्या. रांजण उघडल्यावर पहिला घोट त्यांचा, हा त्या घरचा रिवाज. आबांच्या आईच्या वेळेपासून घरातल्या बाईनं चव सांगितल्याशिवाय पुरुषानं वाटीला हात लावायचा नाही. काकी घोट तोंडात धरून डोळे मिटत आणि सांगत, "थंडी उशिरा पडली औंदा." किंवा, "घड काढायच्या टायमाला पानी दिलंसा. नगं म्हनत हुते." आबा म्हणत, "न्हाई दिलं." काकी म्हणत, "दिलंसा." आणि आबा दुसऱ्या कामाला लागत.

आसवाचा परिणाम मला भिंतीतून कळे. रोज दिवेलागणीला नवरा-बायको मांडवाखाली अर्धी अर्धी वाटी घेऊन बसत. ज्या वर्षी थंडी कोरडी पडली आणि ऊन वेळेवर तापलं, त्या वर्षीचं आसव गोड आणि जोरकस होई, आणि त्या वर्षी दोघं बोलत बसत. लग्नात कोण रुसलं, पहिली गाय कशी होती, असलं काहीतरी. एकदा तर काकींनी चक्क ओवी म्हटली आणि आबांनी ऐकून घेतली. ज्या वर्षी ढगाळ गेलं त्या वर्षी आसव पातळ निघे आणि संध्याकाळी फक्त भांड्यांचे आवाज येत. आमचे हे म्हणत, "हवामान खात्यानं आपल्या भिंतीला कान लावावा."

एकदा दारूबंदीचा फौजदार आला. कुणीतरी कागाळी केली असणार. फौजदार तरुण, नवा, बिचारा आठवडाभर खोकत होता. त्यानं रांजणाचं झाकण काढायला लावलं, वास घेतला आणि म्हणाला, "आबा, यात दारूचा अंश आहे."

"अंश समद्यातच आसतू सायेब," आबा म्हणाले. "माझ्यात बापाचा हाय."

"हे प्यायल्यावर माणसाला चढतं का?"

"आजारी मानसाला उतरतं."

"काय उतरतं?"

"आजार."

फौजदारानं वैद्यबुवांचा परवाना बघितला, उलटा करून बघितला, आणि तेवढ्यात त्याला खोकल्याची जोराची उबळ आली. काकींनी न विचारता वाटी पुढे केली. सरकारी माणूस म्हणून त्यानं आधी नको म्हटलं, मग आजारी माणूस म्हणून घेतली. दुसरी वाटी त्यानं पंचनाम्यासाठी घेतली. तिसरीला कारण सांगितलं नाही. जाताना तो सायकलवर बसला तेव्हा सायकल आधी नदीकडे गेली आणि मग वळून रस्त्याला लागली. पुढे दर पावसाळ्यात तो खोकला घेऊन येत असे.

आता त्या वर्षाचं सांगते.

त्याआधी लागोपाठ दोन वर्षं बाग बुडाली होती. एकदा गारांनी घड झोडपले आणि एकदा भुरीनं. त्याच पावसाळ्यात आबांचा एकुलता मुलगा दत्तू आमच्या ह्यांच्या कंपनीत कामाला लागला. दत्तू वाईट नव्हता. फक्त बापाच्या आभाळाशी चाललेल्या भांडणाला तो कंटाळला होता. त्याचं म्हणणं, बाग तोडून कांदा लावावा. गौरी-गणपतीला निघोज्याहून सदाशिवमामा आले. जेवायच्या पानावर त्यांनीही तोच विषय काढला.

"दाजी," ते म्हणाले, "द्राक्षाला हवा लागती. कांद्याला नुसती जमीन लागती. तुमच्याकडं जमीन हाय. हवा न्हाई."

आबांचा घास हातातच राहिला. ते उठले, हात धुतले, आणि देवापुढे जाऊन उभे राहिले. चिंचवडच्या माणसाला शपथ घालायला मोरया जवळ पडतो. आबा देवाधर्माचीही फार भीड ठेवणारे नव्हते, पण मोरयापुढे गप्प असत.

"मोरयाची आन," ते म्हणाले. "औंदाचं आसव आंबट निघालं तर माझ्या हातानं बाग तोडीन आन् कांदा लावीन. चव ही सांगंल. हिच्या जिभेवर माझी बाग."

काकी वाढता वाढता थांबल्या. "मला कशापायी मधी घेता?" त्या म्हणाल्या. पण शपथ घातली गेली होती आणि मामांनी ती ऐकली होती. त्या घरात रागाच्या भरात बोललेलं परत घेता येई, पण देवापुढे बोललेलं येत नसे.

म्हणजे त्या वर्षीची छाटणी अगदी अचूक साधायला हवी होती. आणि आबांना आपण ती साधणार याची खात्री होती, कारण दोन वर्षांपासून त्यांना टाळूपेक्षा पक्की खूण सापडली होती. पिंपरी आमच्या पूर्वेला. पावसाळाभर वारा पश्चिमेचा, त्यामुळे तिकडचं काही इकडे येत नसे. पण पाऊस सरून वारा उलटला की पहाटे औषधाच्या कंपनीचा वास बागेपर्यंत येई, आंबलेल्या पिठासारखा. वास आला म्हणजे वारा फिरला, वारा फिरला म्हणजे पाऊस संपला, आणि पाऊस संपला म्हणजे छाटणी. "सरकारनं माझ्यासाठीच कंपनी काढलीया," असं ते ह्यांना सांगत.

दसरा अजून लांब होता. एके दिवशी पहाटे आबा ओसरीवरच्या बाजेवर उठून बसले आणि नाक वर करून हुंगू लागले. मग बांधावर गेले, पटका काढला, फेरी घेतली. टाळूनं काही सांगितलं नसावं, कारण ते कपाळाला आठ्या घालून परत आले. बाजेवर बसले, पुन्हा हुंगलं. वास होताच. दुसऱ्या दिवशीही होता, तिसऱ्या दिवशीही. "टाळू म्हातारी झाली," ते म्हणाले आणि कात्री काढली. शेजारपाजारच्या बागांत कुणी अजून वेलीला हात लावला नव्हता. आबा त्यांना बांधावरून ओरडून सांगत, "बसा हुंगत." दोन दिवसांत सगळी बाग छाटून झाली.

दसऱ्यानंतर पाऊस परत आला. चांगला आठवडाभर, पश्चिमेकडूनच आला. फुलोऱ्यावर आलेली बाग उभी भिजत होती आणि आबा ओसरीवर बसून पाण्याकडे बघत होते. छत्री कोपऱ्यात होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही. तेव्हाच मला कळलं की हे नेहमीचं भांडण नाही, हा माणूस घाबरला आहे.

त्याच दिवसांत काकी धुण्याचे कपडे गोळा करत होत्या. ओसरीवर आबांच्या बाजेच्या वर भिंतीला एक खुंटी होती. गणपतीनंतर दत्तूला दुसरी पाळी लागली होती, आणि रात्री उशिरा येऊन तो आपला कंपनीतला सदरा तिथेच अडकवून झोपायचा. काकींनी सदरा खाली काढला, नाकाशी नेला, मग खुंटीकडे बघितलं, मग खालच्या बाजेकडे, मग नवऱ्याकडे.

"अवं," त्या म्हणाल्या, "तुमचा वारा खुंटीला अडकलाय बघा."

मी दारातच उभी होते. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आबांनी सदरा घेतला, हुंगला, मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आदी वाराच फिरला हुता. सदरा मागनं आला." पण हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की भिंतीपलीकडे मला ऐकू आलं नसतं.

पुढचं वर्ष आपल्या मनानं गेलं. फुलोरा गळला. पानांवर रोग आला, त्यावर आबांनी मोरचूद आणि चुना फवारला, हात निळे करून घेतले. पौषात थंडी पडली नाही. माघात सदाशिव ढग आले आणि मुक्कामाला राहिले. शिमग्याला जे काही घड निघाले ते बाजारात नेण्यासारखे नव्हते. एक मणी मी तोंडात टाकला आणि कोकणात वाढलेली असूनही माझा एक डोळा मिटला. आबांनी तेच घड चुरडले, गूळ घातला, दर वर्षापेक्षा जास्त घातला, आणि रांजण लिंपला. त्या वर्षी त्यांनी रांजणाला कान लावला नाही.

वैशाखात एका संध्याकाळी रांजण उघडायचं ठरलं. सदाशिवमामा बैलगाडी घेऊन आले होते आणि गाडीत कांद्याच्या बियाण्याची पिशवी होती. माणूस तयारीनं आला होता. दत्तू, आमचे हे, मी, सगळे मांडवाखाली उभे. आबांनी लिंपण फोडलं, फडकं काढलं, आणि जो वास आला त्यावरून निकाल लागल्यातच जमा होता. आसव फसलं होतं. उन्हात विसरलेल्या ताकासारखा भपकारा आला आणि मामांनी नाकाला उपरणं लावलं.

आबांनी वाटी भरून काकींच्या हातात दिली. मला त्या वेळी त्यांचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं वरच्याशी तोंड वर करून भांडलेला माणूस, आता मान आणखी वाकवून बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

काकींनी घोट घेतला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. गळ्याची एक शीर उभी राहिली आणि परत बसली. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "ग्वाड हाय."

मामा पुढे आले. "बघू मला," ते म्हणाले.

"दादा, तू माळकरी," काकी म्हणाल्या. "तुला चालतंय व्हय?"

मामांचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेपाशी गेला आणि तिथेच राहिला. मग ते दत्तूला म्हणाले, "तू बघ रं." दत्तूनं वाटी घेतली. त्याला कांदा हवा होता, आणि एका शब्दात मिळणार होता. तो प्यायला. डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला, तो त्यानं दाबला. आईकडे बघितलं, मग बापाकडे.

"ग्वाड हाय मामा," तो म्हणाला.

वाटी ह्यांच्याकडे आली. ह्यांनी गोड म्हटलं. माझ्याकडे आली. मी प्यायले. आमच्याकडे आमसुलाच्या आगळाला सुद्धा एवढा तोरा नसतो. मी म्हटलं, "छान गोड झालंय, काकी." शेवटी वाटी आबांकडे गेली. त्यांनी ती एका दमात रिकामी केली आणि तोंड पुसलं.

"औंदा जरा जास्तच ग्वाड झालंय," ते म्हणाले.

मामा बियाण्याची पिशवी घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी काकींना गाठलं. म्हटलं, "काकी, मोरयाची शपथ होती."

"शपथ त्येची. जीभ माझी," त्या म्हणाल्या. "देवाला इचारायचं आसंल तर मला इचारंल." कळशी भरून झाल्यावर मग पुढे म्हणाल्या, "अगं, बाग गेली तर ह्यो मानूस दिसभर घरात बसंल. म्या काय करू त्येचं? कांद्याशी बोलाया येतंय का त्येला?" आणि माझ्याकडे न बघता, "आन् ज्या हातांनी लावली त्या हातांनी तोडताना मला बघवनार न्हाई."

पण खोटं बोलून प्रश्न सुटत नाही, ते निस्तरावं लागतं. वैद्यबुवांना कळवलं गेलं की औंदा घरच्यापुरतंच झालंय. रांजण मात्र भरलेला. तो ओतून टाकला तर काकी खोटं बोलल्या असं होणार, आणि काकी खोटं बोलल्या म्हणजे शपथ मोडली. तेव्हा रोज दिवेलागणीला दोघं आपापली वाटी घेऊन बसू लागली. भिंतीपलीकडून मी ऐकायची.

"घ्या की आजून."

"नगं. ग्वाड जास्त बरं न्हाई. दात किडत्यात."

"घ्या. पौषातली थंडी लागतीया जिभेला."

"व्हय. लई झ्याक थंडी पडली हुती औंदा."

त्या वर्षी थंडी पडलीच नव्हती. पण आंबट आसवावर ही दोघं जेवढी बोलली तेवढी गोड आसवावरही मी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, तरी बोलतच होती. पडली नव्हती ती थंडी, आलं नव्हतं ते ऊन, असं एक आख्खं चांगलं वर्ष त्यांनी मांडवाखाली बसून रचलं.

दसरा होऊन गेला आणि कंपनीनं आम्हाला राहायला खोल्या दिल्या. सामान गाडीत भरून झालं. ह्यांना दोर आवळत ठेवून मी आबांचा निरोप घ्यायला बागेत गेले. ते वेली छाटत होते, या वेळी सगळ्यांच्या नंतर, शेजाऱ्यांना विचारून. मी वाकून नमस्कार केला. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, ते रांजणातलं आता ओतून टाका. पोटाला बरं नाही. आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक आहे."

आबांनी कात्री थांबवली.

"मला न्हाई व्हय ठावं?" ते म्हणाले. "पयल्या वासालाच कळलं हुतं. पर कोकणीनबाई, चाळीस वर्सं ही बाई माझ्याशी खरं बोलत आली. माझ्यासाठी खोटं बोलाया लागली ती आत्ता. ते मी ओतून टाकू व्हय?"

त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. तेवढ्यात काकी हातात दोन पितळी वाट्या घेऊन मांडवाखालून आल्या. रांजण तळाशी लागला होता, त्यामुळे वाटीत गाळ दिसत होता. मी गाडीत बसले आणि वळून बघितलं. आबांनी वाटी तोंडाला लावली, सगळं तोंड सुरकुतलं, खांदे वर गेले, आणि गिळून झाल्यावर त्यांनी वाटी पुन्हा काकींच्या पुढे केली.